काळ्या रानातले नत्र जाते कुठे?

मृगाचा पहिला दमदार पाऊस बीदर जिल्ह्यातल्या दुबलगुंडीच्या काळ्या रानावर पडतो तेव्हा वरून नुसती माती भिजताना दिसते. आत मात्र वर्षातली सर्वांत मोठी धांदल सुरू झालेली असते. होळीपासून वळवापर्यंत तापलेल्या, हाताचा पंजा सहज आत जाईल अशा भेगा पडलेल्या मातीत बहुतेक सूक्ष्मजीव निपचित पडलेले असतात. पुष्कळ मेलेलेही असतात. पाणी लागताच जे तगले ते मेलेल्यांच्या अवशेषांवर, गेल्या हंगामाच्या मुळांवर आणि काडीकचऱ्यावर तुटून पडतात. पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस वर्गातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. त्याच दोन-चार दिवसांत जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडतो आणि अवशेषांत अडकलेले नत्र मोकळे होते. शेतकऱ्याने खताचे एकही पोते फोडलेले नसते, तरी जमिनीने पिकाचे पहिले जेवण वाढून ठेवलेले असते. ते घ्यायला त्या वेळी रानात मूळ आहे की नाही, हा पुढच्या सगळ्या विवेचनाचा कळीचा मुद्दा आहे. मूळ असेल तर नत्र पिकात जाते. नसेल तर ते पाण्याबरोबर खाली उतरते किंवा वायू होऊन हवेत जाते, आणि त्या वायूचा काही भाग पृथ्वी तापवतो.

हे कसे घडते ते थोडे जवळून पाहू. अवशेष कुजताना नत्र आधी अमोनियमच्या रूपात सुटते. काळ्या चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात, त्यामुळे ते सहसा वाहून जात नाही. पण नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाईबंद जिवाणू अमोनियमपासूनच आपली ऊर्जा मिळवतात. त्यांच्या आणि त्यांच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंच्या खटपटीतून नायट्रेट तयार होते. नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे जाते. जमिनीत वापसा असतो तोवर हे ठीक चालते. श्रावणात सलग झड लागली, काळी माती फुगली, भेगा मिटल्या आणि आतली हवा कोंडली, की काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन काढून घेऊ लागतात. मग नत्र वायू होऊन निसटते. त्यातला बराचसा भाग हवेत मुळातच असलेला निरुपद्रवी नायट्रोजन असतो, पण काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो आणि हवेत शतकाहून अधिक काळ टिकतो. औद्योगिक युगाआधी हवेच्या दर अब्ज भागांत त्याचे सुमारे २७० भाग होते. आज ते ३३५ च्या वर गेले आहेत. ही वाढ मुख्यतः शेतात पडणाऱ्या नत्रामुळे झाली आहे.

यात जिवाणूंचा दोष काही नाही. जे जिवाणू पिकाला नत्र मोकळे करून देतात त्यांच्याच साखळीतले पुढचे जिवाणू ते हवेत सोडतात. कोणते पारडे जड होईल ते शेतकरी रानात काय करतो यावर ठरते. म्हणून ‘रासायनिक की सेंद्रिय’ हा आपल्याकडे तावातावाने चालणारा वाद मला चुकीच्या जागी उभा असलेला वाटतो. खरे प्रश्न वेगळे आहेत. जिवाणू कामाला लागतात त्या काळात जमिनीत जिवंत मूळ आहे का? त्यांना खायला वर्षभर काही उरते का? आणि आपण वरून नत्र देतो ते पीक घेऊ शकेल अशा वेळी आणि अशा ओलीत देतो का? माझे म्हणणे असे आहे, की बीदर-कलबुर्गीच्या शिवेवर कन्नड, मराठी आणि दखनी बोलणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घेत आले ती ज्वारी-तुरीची जोडी या तिन्ही प्रश्नांना दिलेले फार चांगले उत्तर होते. ते उत्तर आपण गेल्या तीसेक वर्षांत मोडत आणले. आता ते जसेच्या तसे परत आणणे शक्य नाही आणि योग्यही नाही. ते का चालत होते हे समजून घेऊन त्यातले जमेल तेवढे परत आणायला हवे.

याचा पुरावा हुमनाबादहून हैदराबादच्या महामार्गाने गेले की काही तासांत लागणाऱ्या पटणचेरूला आहे. तिथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘ईक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने १९७६ मध्ये काळ्या जमिनीवर एक प्रयोग सुरू केला आणि तो दशकानुदशके चालू ठेवला. जमीन आपल्यासारखीच खोल काळी, पाऊसमान जवळपास तेच, पिकेही तीच. एका भागात त्या काळची चालू पद्धत ठेवली: पावसाळाभर रान पड ठेवायचे, तण येईल तसे वखरायचे आणि साठलेल्या ओलीवर रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. त्याला दर दोन वर्षांनी शेणखत दिले जाई, रासायनिक खत नाही. दुसऱ्या भागात रुंद वरंबा आणि सरी पाडून जादा पाणी बाहेर काढण्याची सोय केली. मृगाआधी धूळपेरणी केली, ज्वारीत तूर घेतली किंवा एकामागून एक दोन पिके घेतली, आणि हेक्टरी ६० किलो नत्र व २० किलो स्फुरद दिले. पहिल्या भागात धान्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी टनभर राहिले, दुसऱ्या भागात पाच टनांच्या आसपास. पण या लेखासाठी महत्त्वाचे आकडे जमिनीखालचे आहेत. २४ वर्षांनंतर १२० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा सेंद्रिय कर्ब मोजला तेव्हा तो जुन्या पद्धतीत हेक्टरी ३९.५ टन आणि सुधारलेल्या पद्धतीत ४६.८ टन भरला. वरच्या ६० सेंटिमीटरमधल्या सूक्ष्मजीवांच्या देहात साठलेला कर्ब जुन्या पद्धतीत हेक्टरी दीड हजार किलोच्या आत होता, तर नव्या पद्धतीत २,६०० किलोच्या वर. जुन्या रानातून दरवर्षी हेक्टरी सहा टनांहून अधिक माती वाहून जात होती, नव्या रानातून दीड टनाच्या आसपास.

या आकड्यांपुढे दोन्ही बाजूंच्या कट्टरांनी थोडे थांबायला हवे. शेणखत मिळालेल्या रानात कर्ब कमी राहिला आणि रासायनिक खत मिळालेल्या रानात वाढला. त्यामुळे खताचा एक दाणाही जमीन मारतो, असे सरसकट म्हणता येत नाही. पण खतामुळे कर्ब वाढला असा निष्कर्ष काढणेही तितकेच चूक आहे. कर्ब वाढला तो मुळांमुळे आणि पालापाचोळ्यामुळे. खताने, निचऱ्याने आणि वेळेवरच्या पेरणीने पीक भरघोस आले, जूनपासून जानेवारीपर्यंत जमिनीत कुणाचे ना कुणाचे मूळ जिवंत राहिले आणि त्या मुळांनी सूक्ष्मजीवांना सतत अन्न पुरवले. जिवंत मूळ नुसते घेत नाही. पानांनी तयार केलेल्या अन्नातला चांगला वाटा ते साखरेच्या आणि आम्लांच्या रूपात मातीत सोडत असते. जुन्या पद्धतीत मात्र पहिल्या पावसाने सुटलेले नत्र घ्यायला चार महिने रानात कुणीच नव्हते. वखराच्या प्रत्येक पाळीने माती पुन्हा उघडी पडत होती आणि धो धो पाऊस उघड्या रानावर झेलला जात होता. म्हणून ‘पूर्वजांचे सगळे बरोबर’ हा निष्कर्षही या प्रयोगातून निघत नाही. पावसाळी पड ही पूर्वजांचीच पद्धत होती. निचऱ्याची सोय नसलेल्या चिकट रानात पावसाळ्यात औत घालणे अशक्य होई, म्हणून ती आली. ती अडचणीतून आलेली तडजोड होती आणि जमिनीला महागात पडली.

इथे एक आक्षेप येऊ शकतो. जास्त सूक्ष्मजीव म्हणजे जास्त श्वासोच्छ्वास, म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड. मग हवामानाचा फायदा कुठे झाला? पटणचेरूच्या सुधारलेल्या रानातली माती खरोखरच जुन्या रानापेक्षा कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड सोडत होती. पण तो वायू त्याच वर्षी पिकाने हवेतून घेतलेल्या कर्बातलाच होता. कमी श्वास घेणारी माती बहुधा उपाशी माती असते, तिच्यात साठवायलाही काही नसते. पाहायची ती जमाखर्चाची शिल्लक, आणि ती शिल्लक २४ वर्षांत हेक्टरी सात टन कर्बाची होती. म्हणजे वर्षाला सरासरी तीनशे किलो कर्ब, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे अकराशे किलो. याच्या समोर खताचा खर्च मांडू. ६० किलो नत्रातले अर्धा ते एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन गेले असे धरले आणि युरियाच्या घडणीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिळवला, तर आकडा सव्वादोनशे ते साडेतीनशे किलोंच्या घरात जातो. खत कारखान्यातले उत्सर्जन धरले तरी पारडे अजून जमिनीच्या बाजूनेच झुकते. मात्र एक गोष्ट लपवता कामा नये. जमिनीची कर्ब साठवण्याची क्षमता कधीतरी भरते आणि वाढ मंदावते. नायट्रस ऑक्साइड मात्र दरवर्षी सुटतच राहतो. म्हणून कर्ब वाढवल्याच्या समाधानात नत्राच्या उधळपट्टीकडे डोळेझाक करता येत नाही.

आता ज्वारी-तुरीच्या जोडीकडे वळतो, कारण या पट्ट्यात मातीच्या सूक्ष्मजीवांशी इतका जुना करार दुसऱ्या कुठल्याच पिकांनी केलेला नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतले नत्र बांधतात हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट ईक्रिसॅटमध्ये काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिली: तुरीचे मूळ पिसिडिक आम्ल सोडते आणि लोहाशी घट्ट जखडलेले स्फुरद त्यातून मोकळे करते, जे ज्वारी-सोयाबीनला सहसा साधत नाही. बीदरच्या पठारावरच्या लाल, जांभ्याच्या जमिनीत स्फुरद नेमके लोहातच अडकलेले असते. शिवाय तूर फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत पाने गाळत राहते, आणि ती पानगळ मातीवर पडून सूक्ष्मजीवांचे रब्बीतले अन्न बनते. तुरीच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते हे शेतकरी जाणतोच. ईक्रिसॅटच्या प्रयोगांत तुरीनंतर घेतलेल्या मक्याला मिळालेला फायदा हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र दिल्याइतका निघाला. हे नत्र हळूहळू, सूक्ष्मजीवांच्या हातून सुटते. युरियासारखे झटपट मोकळे होऊन पावसाच्या तावडीत सापडत नाही.

ज्वारीचा गुण तर याहून विलक्षण आहे. तिच्या मुळांच्या केसांतून सॉरगोलिओन नावाचे तेलकट द्रव्य झिरपते. जपानमधल्या जिर्कास या संस्थेतले गुंटूर सुब्बाराव आणि त्यांचे ईक्रिसॅटमधले सहकारी यांच्या अभ्यासातून हे पुढे आले, की हे द्रव्य नायट्रोसोमोनासच्या कामाला लगाम घालते. अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, नत्र मातीच्या कणांवर अधिक काळ टिकते आणि नायट्रस ऑक्साइड व्हायला कच्चा माल कमी मिळतो. युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा करण्यामागे जो विचार आहे तेच काम ज्वारीचे मूळ स्वतः करते. वाणावाणांत हा गुण कमीजास्त असतो, आणि तो वाढवून घेण्यासाठी पैदासकारांचे प्रयत्न चालू आहेत. एका ओळीत नत्र बांधणारे पीक आणि शेजारच्या ओळीत नत्राला निसटू न देणारे पीक, असा हा मेळ आहे. तिसरी गोष्ट रोगाची. तुरीचा मर रोग मातीतल्याच एका बुरशीमुळे होतो. २०२२ च्या हंगामात कलबुर्गी आणि आसपासच्या जिल्ह्यांत मर रोगाने तुरीची इतकी हानी केली, की राज्य सरकारला खास भरपाई जाहीर करावी लागली. त्या वर्षीच्या पावसाचा त्यात मोठा हात होता. तरी ज्वारीच्या सोबत घेतलेल्या तुरीत मर रोगाचे प्रमाण सलग तुरीपेक्षा बरेच कमी राहते, हे ईक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच नोंदवून ठेवले होते. ‘गुलबर्गा तूर डाळ’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या रानात ती पिकते त्याच्या आरोग्याकडे लक्ष दिले नाही तर त्या मानांकनाचे पुढे काय होईल, हा मला वाटते अगदी व्यवहारातला प्रश्न आहे.

आज बीदर हा कर्नाटकातला सोयाबीनचा अग्रगण्य जिल्हा आहे. सोयाबीनला नावे ठेवण्याचे कारण नाही. तीही द्विदलच आहे आणि नीट घेतली तर स्वतःच्या नत्राचा मोठा भाग स्वतः मिळवते. पण ती घेतली जाते कशी ते पाहा. जुलैअखेर पाऊस लागून राहिला, रानात पाणी तुंबले, पाने पिवळी पडली, की युरिया फेकला जातो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा पिवळेपणा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचा किंवा मुळांना हवा न मिळाल्याचा असतो. खरे कारण तपासणे अवघड नाही. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी एक झाड उपटून न काढता खुरप्याने मातीच्या ढेपेसकट काढावे, मुळे हलक्या हाताने पाण्यात धुवावीत आणि एखादी गाठ नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी-तांबूस असेल तर तिच्यातले जिवाणू नत्र बांधत आहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा असतो. आतून पांढरी, हिरवट किंवा पोकळ असेल तर गाठ निकामी आहे. चांगल्या गाठी असलेल्या पिकाला आयते नत्र दिले की ते गाठींवर खर्च करणे बंद करते. म्हणजे फेकलेल्या युरियाने दुहेरी नुकसान होते: फुकट मिळणारे नत्र थांबते, आणि वापसा नसलेल्या जमिनीत विकतचे नत्र हवेत जाते.

एका पोत्याचा हिशेब मांडून पाहू. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनाप्रमाणे कोरड्या प्रदेशात दिलेल्या नत्रातला अर्धा टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात सुटतो असे धरतात. पाऊसपाण्याच्या प्रदेशात रासायनिक खताचा हाच दर १.६ टक्के आहे. आपला पट्टा कोरड्यात मोडतो. त्या हिशेबाने एका पोत्यामागे ४५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता आणि युरिया विरघळताना सुटणारा ३३ किलो प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइड, मिळून ७८ किलो होतात. सुमारे तीस लिटर डिझेल जाळल्याइतके. पाणी तुंबलेल्या रानात पडलेल्या पोत्याला कोरड्या प्रदेशाचा सरासरी दर लावणे मला धाडसाचे वाटते, कारण तेवढ्या दिवसांपुरते ते रान कोरडे नसतेच. यावर कुणी म्हणेल, की देशाच्या उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा तीन-चतुर्थांश आहे, शेतीचा १४ टक्क्यांच्या आसपास आणि त्यातलाही मोठा भाग गुरांचा आणि भाताचा. मग चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मागे का लागता? आक्षेप रास्त आहे. पृथ्वी वाचवण्याचे ओझे त्याच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण हवेत गेलेला नत्राचा प्रत्येक किलो त्याने पैसे मोजून आणलेला असतो आणि पोत्यातल्या नत्रापैकी निम्म्याहून कमीच पिकाच्या हाती लागते. अनुदानामुळे पोते अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते म्हणून हा तोटा जाणवत नाही इतकेच. इथे शेतकऱ्याचे हित आणि हवेचे हित वेगळे नाही. असे क्वचितच घडते, म्हणून तो धागा सोडू नये असे मला वाटते.

नांगरटीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. ट्रॅक्टर आल्यापासून दर उन्हाळ्यात खोल नांगरट हा शिरस्ता झाला. खोल नांगरट मातीचे कण विस्कटते, कणांच्या आत सुरक्षित असलेला कर्ब सूक्ष्मजीवांपुढे उघडा करते आणि मुळांना स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीचे धागे तोडते. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी मराठी वाचकांपुढे भू-सूक्ष्मजीवशास्त्र आणि बिननांगरणीची शेती सातत्याने मांडली. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा पद्धतीत कायमचे गादीवाफे करून मुळे जमिनीतच ठेवण्याचे तंत्र भातात रूढ केले, पुढे ते इतर पिकांतही गेले. हे काम मोलाचे आहे. पण पुराव्याशी प्रामाणिक राहायचे तर हेही सांगायला हवे, की जगभरच्या प्रयोगांत बिननांगरणीने कर्बाचा एकूण साठा दरवेळी वाढलेला दिसत नाही. पुष्कळदा तो नुसता वरच्या थरात जमा होतो. शिवाय हरळी आणि लव्हाळा माजलेल्या रानात नांगर पूर्ण सोडला तर तणनाशकावर अवलंबून राहावे लागते, आणि किडीचे कोष उन्हात उघडे पाडण्यासाठी नांगरटीची शिफारस कृषी खातेच करते. माझे मत असे, की आपल्या खोल काळ्या जमिनी उन्हाळ्यात भेगाळून स्वतःच बरीच उलथापालथ करून घेतात. तिथे दरवर्षीची खोल नांगरट हा बहुतांशी सवयीचा खर्च आहे. हरळीसाठी तीन-चार वर्षांतून एकदा नांगरावे, एरवी कुळवाच्या पाळीवर भागवावे.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दलही बोलायला हवे. जीवामृतापासून कृषी सेवा केंद्रातल्या संवर्धकांपर्यंत सगळीकडे जमिनीत जिवाणू सोडा असे सांगितले जाते. ग्रॅमभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू आधीच असतात. त्यांना तोटा असतो तो अन्नाचा. उपाशी रानात बाहेरचे जिवाणू सोडले तर तेही उपाशीच मरतात. याला खरा अपवाद सोयाबीनच्या बियाण्याला लावायच्या रायझोबियमचा, कारण सोयाबीन परदेशातून आलेले पीक आहे आणि तिचा जोडीदार जिवाणू आपल्या मातीत मुळातला नाही. ज्या रानात ती पहिल्यांदाच पेरायची आहे तिथे ही बीजप्रक्रिया अगदी अल्प खर्चात मोठे काम करते. अन्नाचा मुद्दा उसात सर्वांत स्पष्ट दिसतो. हळ्ळीखेडच्या सहकारी कारखान्यामुळे आणि कारंजा धरणाच्या पाण्यामुळे या भागात ऊस स्थिरावला. हेक्टरी आठ-दहा टन पाचट दर हंगामात मिळते, आणि तोडणी उरकली की काडी ओढली जाते. सरीत ते पसरून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले की खोडव्यातच त्याचे खत होते, हे महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यात पुष्कळांनी करून पाहिले आहे. इथला थोडा युरिया वाया जात नाही. काडी कुजवताना सूक्ष्मजीवांना नत्र लागतेच, ते त्यांच्या देहात अडकून पडते आणि पुढे सावकाश सुटते.

सर्वांत जड आक्षेप विज्ञानाचा नाहीच, तो मजुरीचा आणि बाजाराचा आहे. खरीप ज्वारी लोकांनी गंमत म्हणून सोडली नाही. ऐन कणसात पाऊस सापडला की दाणा काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. पाखरे राखायला माणूस मिळत नाही, कापणी-मोडणीला मजूर मिळत नाहीत. सोयाबीन शंभर-एक दिवसांत मळणी यंत्रातून निघते आणि दसरा-दिवाळीला रोख पैसा देते. कडबाही गुरांसाठी लागतो आणि तुऱ्हाट्या चुलीसाठी, मग जमिनीत कुजवायचे काय? हे प्रश्न झटकून टाकणारा सल्ला शेतकऱ्याने ऐकू नये, हेच बरे. म्हणूनच मी सगळे रान पुन्हा ज्वारी-तुरीखाली आणा असे म्हणत नाही. लातूर, धाराशिव आणि बीदरमध्ये सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकण्याची रीत टिकून आहे. तीच सलग सोयाबीनपेक्षा पुष्कळ चांगली, कारण सोयाबीन निघाल्यावरही तुरीचे मूळ पौष-माघापर्यंत जमिनीत जिवंत राहते आणि पानगळ तर कुणी घरी नेत नाही. रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली की श्रावणातले तुंबणे कमी होते, मुळांना हवा मिळते आणि नत्र हवेत जाण्याची वाटही अरुंद होते. यासाठी लागणारी पेरणी यंत्रे आता भाड्याने मिळतात. आणि कडबा गुरांनी खाल्ला तर शेण परत रानात येतेच. मात्र उघड्या उकिरड्यावर पावसाळाभर भिजणाऱ्या शेणातले नत्रही जिवाणूंच्या हातून हवेत जाते, म्हणून खड्डा झाकणे हे खत विकत आणण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

ज्वारीला मात्र सरकारचा हात लागेल. आज युरियाच्या प्रत्येक पोत्यावर देश त्याच्या विक्रीच्या किमतीहून कितीतरी जास्त अनुदान देतो, आणि नत्र वाचवणाऱ्या पिकाला त्या कारणासाठी काहीच मिळत नाही. हमीभावाने ज्वारीची खरेदी वेळेवर झाली, ती रेशनवर गेली, बुरशीला दाद न देणारे आणि यंत्राने कापता येतील असे बुटके वाण या पट्ट्यात पोचले, तर काही शेतकरी निदान एका तुकड्यात तरी तिच्याकडे वळतील. २०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्यपत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात. सेंद्रिय कर्ब त्यांत आहे, पण जमिनीतल्या जीवनाचे थेट माप एकही नाही. मातीचा श्वास मोजण्याची साधी चाचणी तालुका पातळीवरच्या प्रयोगशाळेतही करता येते, ती त्यात यायला हवी. अलीकडे कर्ब पतगुणांच्या (कार्बन क्रेडिटच्या) नावाखाली कंपन्या शेतकऱ्यांशी करार करू लागल्या आहेत. त्यांच्या कागदावर सही करण्याआधी एक हिशेब समोर ठेवावा: पटणचेरूच्या प्रयोगात, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली आणि उत्तम निचऱ्याच्या रानात, जुन्या पद्धतीपेक्षा जादा साठलेला कर्ब वर्षाला हेक्टरी सुमारे अकराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका होता. याच्या दुप्पट-तिप्पट आश्वासन देणाऱ्याला तो आकडा कुठे, किती खोलीपर्यंत आणि किती वर्षे मोजून काढला हे विचारावे. आणि करार किती वर्षांचा, मधल्या काळात रान नांगरले किंवा खंडाने दिले तर घेतलेले पैसे परत द्यावे लागतील का, हेही सहीच्या आधीच लिहून घ्यावे.